आकडे नसलेले प्रश्न: गती, बल आणि ऊर्जा मुलांना कळली आहे का, हे तपासावे कसे?

खडूधूळ (धागाकर्ता)

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावीचे वर्ग सुरू झाले की पहिले दोन आठवडे नववी-दहावीच्या उजळणीत जातात. या वर्षी उजळणी बाजूला ठेवली, पहिल्याच तासाला मुलांना कोरे कागद वाटले आणि फळ्यावर सहा प्रश्न लिहिले. एकाही प्रश्नात आकडा नव्हता आणि गणित करण्याची गरज नव्हती.

पहिला प्रश्न असा होता: एक नाणे सरळ वर उडवले आहे. ते हातातून सुटले आहे आणि वर जात आहे, पण सर्वांत उंच ठिकाणी अजून पोहोचलेले नाही. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी नाण्यावर कोणकोणती बले आहेत?

बहुतेक मुलांनी दोन बले लिहिली: खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि ‘हाताने दिलेले’ वरच्या दिशेचे बल. काहींनी पुढे खुलासाही केला, की हे वरचे बल हळूहळू संपत जाते, सर्वांत उंच ठिकाणी दोन्ही बले सारखी होतात आणि तिथून गुरुत्वाकर्षण जिंकते. उत्तर इतके सुसंगत होते की क्षणभर मलाच ते पटू लागले. यातील अनेकांना दहावीला विज्ञानात उत्तम गुण आहेत. सहावा प्रश्न मी मुद्दाम ‘न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम लिहा’ असा ठेवला होता, आणि तो जवळजवळ सर्वांनी अचूक लिहिला. म्हणजे एकाच कागदावर वरच्या बाजूला ‘गती चालू राहण्यासाठी बल लागते’ आणि खालच्या बाजूला ‘लागत नाही’ अशी दोन विधाने शेजारधर्म पाळून बसली होती, आणि ती लिहिणाऱ्याला त्यात काहीही खटकले नव्हते.

माझे प्रश्न दोन आहेत. अशी चाचणी घ्यायची तर प्रश्न कसे असावेत? आणि तिला गुण द्यावेत की देऊ नयेत? माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की गुण नसतील तर मुले मनापासून लिहिणार नाहीत. मला वाटते, की गुण दिले तर मुले स्वतःला जे वाटते ते न लिहिता मला जे हवे आहे ते लिहितील.

शंकासुर

प्रथम एक प्रामाणिक कबुली देतो. मी वाणिज्य शाखेचा आहे आणि मलाही उत्तर दोन बले असेच वाटले. हाताचे बल जर हातातच राहिले, तर नाण्याला वर नेते कोण?

खडूधूळ

शंकासुर, हाच प्रश्न मुलांनी विचारायला हवा होता. नाणे वर जात राहण्यासाठी त्याला कोणी न्यावे लागत नाही. हात लागलेला असतानाच नाण्याला वेग मिळाला; हात सुटला तेव्हा बल संपले, वेग उरला. त्यानंतर एकच बल आहे, ते खालच्या दिशेचे, आणि ते त्या वेगातून प्रत्येक सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद इतका भाग काढून घेते. वेग शून्यावर येतो तेव्हाही ते बल तेवढेच असते, म्हणून वेग शून्य असला तरी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, शून्य नसते. हे शेवटचे वाक्य माझ्या वर्गात कोणालाच मान्य झाले नाही.

लंबक

धागा उत्तम आहे. आपण ज्या वाटेने निघाला आहात, ती चांगली मळलेली वाट आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गतीविषयक समजुती तपासणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यातूनच १९९२ साली हेस्टेनिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही बलाविषयीच्या कल्पना तपासणारी चाचणी तयार केली. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत तिचे ३० प्रश्न आहेत, प्रत्येकाला पाच पर्याय आहेत आणि गणित कुठेही नाही.

तिचे खरे कौशल्य चुकीच्या पर्यायांत आहे. आपल्याकडे बहुपर्यायी प्रश्न काढणारा एक बरोबर उत्तर लिहितो आणि उरलेल्या जागा हाताला येईल त्याने भरतो. इथे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांनी आधी स्वतःच्या शब्दांत दिलेल्या उत्तरांतून उचलले होते. त्यामुळे चुकीचा पर्याय निवडणारा विद्यार्थी ‘मला येत नाही’ असे सांगत नाही, तर ‘मी असा विचार करतो’ असे सांगतो. आपल्या मुलांचे ते कागद रद्दीत घालू नका. पुढच्या वर्षीच्या चाचणीचे पर्याय त्याच कागदांत आहेत.

एक सावधगिरीची सूचना: या चाचणीत ऊर्जेवर प्रश्न नाहीत. १९९२ सालीच त्याच गटाने केलेल्या दुसऱ्या एका चाचणीत ऊर्जा आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आहेत, पण तिथे थोडे गणित करावे लागते. आपल्याला ऊर्जा तपासायची असेल तर प्रश्न स्वतः रचावे लागतील.

निवृत्त_परीक्षक

माझी बत्तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासण्यात गेली, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

समज तपासणारे प्रश्न असावेत, हे कोणीही अमान्य करणार नाही. अडचण तपासणीच्या टेबलावर सुरू होते. ‘कारण लिहा’ असे विचारले की एक मुलगा तीन ओळी लिहितो, दुसरा पानभर लिहितो, तिसरा बरोबर कारण चुकीच्या शब्दांत लिहितो. तपासनीस पाच असतील तर पाच निवाडे होतात. आदर्श उत्तरपत्रिकेत जो शब्द आहे तो दिसला की गुण, ही पद्धत कितीही कोरडी असली तरी ती अन्याय टाळण्यासाठी आली आहे, आळसापोटी नव्हे.

दुसरे असे, की समजेचा कोणताही प्रश्न दोन वर्षांत पाठांतराचा होतो. बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का झुकतात, हा प्रश्न कोणी प्रथम विचारला असेल तेव्हा तो उत्कृष्ट असणार. आज त्याचे उत्तर प्रत्येक मार्गदर्शकात आहे आणि मुलांना ते आरतीसारखे पाठ असते. मी एकदा घटक चाचणीत तोच प्रश्न थोडा वळवला: बंद काचांच्या मोटारीत हलक्या वायूने भरलेला, जत्रेत मिळतो तसा फुगा दोरीने खाली बांधला आहे आणि तो छताकडे ताठ उभा आहे. मोटारीने एकदम वेग घेतला तर फुगा कोणीकडे झुकेल? आरती तिथेच थांबली. दोन सहशिक्षकांनीही मला उत्तर विचारले.

शंकासुर

मागे झुकेल. प्रवासी मागे रेलतात, तसाच फुगाही.

निवृत्त_परीक्षक

शंकासुर, आपण वर्गातील बहुमताबरोबर आहात. उत्तर आज सांगत नाही.

भाषेची_वही

मी मराठी शिकवते, तरीही मध्ये बोलण्याचे धाडस करते, कारण मला यात भाषेचा मोठा वाटा दिसतो.

न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील ‘प्रतिक्रिया’ हा शब्द पाहा. रोजच्या मराठीत प्रतिक्रिया नेहमी नंतर येते: मंत्री आधी बोलतात, मग विरोधक प्रतिक्रिया देतात, आणि ती मूळ विधानापेक्षा सौम्य किंवा तिखट असू शकते. मुलाच्या मनात हा अर्थ पक्का बसलेला असताना ‘क्रिया आणि प्रतिक्रिया एकाच वेळी असतात, समान असतात आणि वेगवेगळ्या वस्तूंवर असतात’ हे तीनही मुद्दे त्या शब्दाच्या विरुद्ध जाऊन शिकावे लागतात. ‘जडत्व’ ऐकले की जडपणा, म्हणजे वजन, डोळ्यांपुढे येते. ‘वजन किती?’ या प्रश्नाला किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे किलोग्रॅममध्ये उत्तर मिळते, आणि फक्त विज्ञानाच्या तासाला ते न्यूटनमध्ये द्यावे लागते. ‘चाल’ आणि ‘वेग’ यांतला फरक (वेगात दिशाही धरली जाते) तर बोलीत नाहीच. ‘चाल’ म्हटल्यावर मुलांना आधी बुद्धिबळ किंवा गाण्याची चाल आठवते.

तेव्हा चाचणी घेताना एक पथ्य पाळावे, असे मला वाटते. काही प्रश्नांत पारिभाषिक शब्द वापरूच नयेत. ‘प्रतिक्रिया बल किती?’ असे न विचारता, ‘एसटीची आणि स्कूटरची धडक झाली, कोणी कोणाला जास्त जोराने ढकलले?’ असे विचारावे. मग चूक शब्दाची होती की कल्पनेची, ते कळेल.

आडनाव_नको

‘कार्य’ राहिले. आमच्याकडे घरात कार्य असते तेव्हा सर्वांत जास्त कार्य आचारी करतो, आणि विस्थापन फक्त पंगतीचे होते.

खडूधूळ

भाषेची_वही, माझ्या सहा प्रश्नांत धडकेचा प्रश्न होता, पण मी ‘क्रिया बल’ आणि ‘प्रतिक्रिया बल’ हेच शब्द वापरले होते. त्यात बहुतेकांनी ‘दोन्ही समान’ असे बरोबर लिहिले आणि मी समाधानाने मान डोलावली. आज आपला प्रतिसाद वाचून दुसऱ्या तुकडीला आपल्या शब्दांत विचारले. ‘एसटीने जास्त जोराने’ हे उत्तर जवळजवळ एकमुखाने आले. स्कूटरचा चेंदामेंदा होतो, मग जोर सारखा कसा, असा त्यांचा युक्तिवाद. बल सारखेच असते पण ज्याचे वस्तुमान कमी त्याचा वेग जास्त बदलतो, हा दुवा त्यांच्याकडे नव्हता. समानता ही त्या शब्दांना चिकटलेली होती, धडकेला नव्हे.

यंत्रशाळा

माझे क्षेत्र वेगळे आहे. मी एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण देतो. आमच्याकडे आयटीआय आणि पदविका झालेली मुले येतात, आणि क्रेनजवळ उभे करण्याआधी मी त्यांना एक प्रश्न विचारतो: क्रेन एक टनाचा साचा एकसमान वेगाने वर उचलत आहे, तर दोरावरचा ताण साच्याच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तेवढाच? उत्तर ठरलेले असते: ‘जास्त, नाहीतर वर कसा जाईल?’

मी वाद घालत नाही. हुकाला भार मोजणारा काटा लावलेला आहे, तो दाखवतो. उचलायला सुरुवात होते त्या क्षणी आकडा वजनाच्या वर उडी मारतो, वेग स्थिर झाला की वजनावर येऊन बसतो, आणि वर जाता जाता क्रेन थांबू लागली की वजनाच्याही खाली जातो. शेवटचा भाग पाहून मुले जास्त चकित होतात, कारण साचा अजून वरच चाललेला असतो आणि ताण मात्र वजनाहून कमी असतो. सुरुवातीच्या झटक्याने दोर तुटू शकतो, हे त्यांना सुरक्षेच्या नियमांत पाठ असते. तो झटका म्हणजे त्वरण, हे त्या दिवशी कळते. क्रेन नसेल तर उद्वाहनात स्नानगृहातला वजनकाटा घेऊन उभे राहावे. परीक्षेच्या कागदापेक्षा काटा चांगला परीक्षक असतो, कारण त्याला उत्तर काय हवे आहे, हे मुलांना चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

मुंबईची_आई

एक वेगळी बाजू मांडते. माझा मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतो. सकाळी शिकवणी, दुपारी महाविद्यालय, रात्री उदाहरणे. त्याला हा नाण्याचा प्रश्न विचारला तर तो चिडला. त्याचे म्हणणे असे, की त्याने उतरणीवरच्या ठोकळ्यांची आणि कप्प्यांची शेकडो उदाहरणे सोडवली आहेत, आता हे बालवाडीचे प्रश्न कशाला? मला त्याचे थोडे पटते. ज्याला अवघड उदाहरण सुटते, त्याला सोपी कल्पना आलीच असणार. शिवाय त्याच्या प्रवेशाचा निर्णय उदाहरणांवर होणार आहे, वर्गातील चर्चेवर नाही.

लंबक

ताई, आपल्या चिरंजीवांचा राग समजू शकतो, परंतु ‘अवघड सुटले म्हणजे सोपे आलेच’ हे गृहीतक तपासून पाहिले गेले आहे. दक्षिण कोरियातील दोन संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश परीक्षांच्या तयारीत सरासरी हजाराहून अधिक उदाहरणे सोडवलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी यांत्रिकीच्या मूलभूत कल्पनांवर प्रश्न विचारले. नेहमीच्या अडचणी त्यांच्यातही टिकून होत्या, आणि सोडवलेल्या उदाहरणांची संख्या आणि कल्पनांची समज यांच्यात फारसा संबंध दिसला नाही.

असे का होते, हे आपल्या घरीच पाहता येईल. मुलाला एखादे उदाहरण सोडवताना मोठ्याने बोलायला सांगा. बहुधा तो ‘इथे हे सूत्र लागेल’ असे म्हणेल. ‘इथे दोर ठोकळ्याला ओढतो’ असे क्वचितच म्हणेल. नमुना ओळखणे हेही कौशल्य आहे, त्याला मी कमी लेखत नाही. ते फक्त वेगळे कौशल्य आहे.

मुंबईची_आई

विचारून पाहिले. त्याने नाण्याचे त्वरण खालच्या दिशेने ९.८ असे तत्काळ सांगितले, आणि बले दोन सांगितली. मग स्वतःच गप्प बसला. आता खोलीचे दार बंद आहे.

परदेशी_पाटी

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सराव वर्ग घेतो. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे गुणांच्या प्रश्नाला, आमच्याकडे एक कामचलाऊ उत्तर आहे. लंबक यांनी सांगितलेली बलाची चाचणी सत्राच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा घेतली जाते. बरोबर उत्तराला गुण नसतात. मन लावून पूर्ण चाचणी दिल्याबद्दल थोडे गुण असतात. त्यामुळे मुले कागद कोरा टाकत नाहीत आणि फसवण्याचे कारणही उरत नाही.

या दुहेरी चाचणीचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. वर्गाला सुरुवातीला ४० टक्के आणि शेवटी ५५ टक्के मिळाले, तर वाढ १५ ची झाली. पण वाढायला जागा ६० ची होती. म्हणून १५ भागिले ६०, म्हणजे ०.२५. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अशा ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. केवळ व्याख्यान पद्धतीच्या वर्गांत हा आकडा सरासरी ०.२३ होता, आणि जिथे विद्यार्थ्यांना आपसात चर्चा करायला लावत, उत्तरे मांडायला लावत, तिथे ०.४८. मला यातला महत्त्वाचा भाग असा वाटतो, की ही परीक्षा मुलांपेक्षा शिकवणाऱ्याची आहे. हार्वर्डमधील एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला ही चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले होते, की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मी विचार करते त्याप्रमाणे. धागाकर्त्यांची भीती आणि तो प्रश्न एकच आहे.

मात्र या चाचणीला देव्हाऱ्यात बसवू नये. २००९ साली चीन आणि अमेरिका येथील विद्यापीठात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. बलाच्या चाचणीत चिनी विद्यार्थ्यांची सरासरी सुमारे ८६ टक्के होती, अमेरिकी विद्यार्थ्यांची सुमारे ४९. पण तर्कशुद्ध वैज्ञानिक विचार तपासणाऱ्या दुसऱ्या चाचणीत दोन्ही गट सुमारे ७५ टक्क्यांवर, म्हणजे शेजारी शेजारी होते. चीनप्रमाणे शालेय वयात पाच वर्षे कसून भौतिकशास्त्र शिकवले तर नाण्याचा प्रश्न सुटतो, पण त्याने विचार करण्याची पद्धत आपोआप बदलते, असे नाही.

निवृत्त_परीक्षक

याचा अर्थ समजेचे प्रश्नही घोटून घेता येतात. माझा मुद्दा फारसा चुकला नव्हता तर.

पोथीनिष्ठ

नाण्याचे उत्तर वाचून मला एक जुनी ओळख पटली. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत बाणाच्या गतीचे विवेचन आहे. धनुष्याच्या ढकलण्याने बाणाला पहिली गती मिळते, त्या गतीमुळे बाणात एक संस्कार उत्पन्न होतो आणि तो संस्कार पुढची गती चालू ठेवतो. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो. या संस्काराला पुढे ‘वेग’ असे नाव आहे. सहाव्या शतकातील फिलोपोनस आणि चौदाव्या शतकातील पॅरिसचे ब्युरिडान यांनीही फेकलेल्या वस्तूत काहीतरी भरले जाते, असेच मानले होते. अकरावीतील मुलगा ‘हाताने दिलेले बल संपत जाते’ असे लिहितो तेव्हा तो कणादांच्या रांगेत उभा असतो. ही चूक मूर्खपणाची नाही. माणसाने गतीकडे नीट पाहिल्यावर प्रथम सुचणारे ते उत्तर आहे.

‘न्यूटनचे तीनही नियम आमच्याकडे आधीच होते’ असे संदेश फिरत असतात, त्यांच्याशी माझ्या म्हणण्याचा संबंध जोडू नये, ही विनंती. इथे नेमका फरकच महत्त्वाचा आहे. तो संस्कार गती चालू ठेवतो. न्यूटनच्या १६८७ च्या मांडणीत गती चालू ठेवायला काहीच लागत नाही.

खडूधूळ

पोथीनिष्ठ, हा परिच्छेद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. ‘तुमचे उत्तर चूक आहे’ आणि ‘तुमचे उत्तर दोन हजार वर्षे जुने आहे’, यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने बराच फरक आहे.

काळी_माती

माझा अनुभव शेतातला आहे. लहानपणी ज्वारीच्या राखणीला बसून गोफण फिरवलेली मुले आमच्या गावात अजून आहेत. माझ्या पुतण्याला मी कागदावर वर्तुळ काढून विचारले, की गोफणीची दोरी इथे सुटली तर दगड कसा जाईल? त्याने वळत वळत बाहेर जाणारी रेघ काढली. हाच पुतण्या माळ्यावर उभा राहून पाखरांच्या थव्याच्या दिशेने दगड नेमका सोडतो, आणि तो दगड वरून पाहिला तर सरळ रेषेतच जातो. हाताला जे माहीत आहे ते पेन्सिलीला माहीत नाही, याला काय म्हणावे?

लंबक

काळी_माती, फार मार्मिक निरीक्षण आहे. १९८० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी वाकड्या नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा मार्ग विद्यार्थ्यांना काढायला सांगितला होता, आणि अनेकांनी तशीच वळलेली रेघ काढली. नळीने जणू गोळीला वळण्याची सवय लावली. आपल्या पुतण्याला पुढचा प्रश्न कागदावर विचारू नका. शेतात विचारा: समोरच्या बाभळीवर दगड मारायचा तर गोफण कुठे असताना दोरी सोडशील?

शंकासुर

ऊर्जेकडे कोणी वळत नाही म्हणून मीच विचारतो. फलाटावरून डोक्यावर पेटी घेऊन चालणारा हमाल शून्य कार्य करतो, असे शाळेत वाचले होते. हे वाक्य लिहिणाऱ्याने पेटी कधी उचलली नसावी.

यंत्रशाळा

२० किलोग्रॅमची पेटी जमिनीवरून दीड मीटर उंच डोक्यावर घेताना हमाल तिच्यावर सुमारे २९४ ज्यूल कार्य करतो. सपाट फलाटावर एकसमान वेगाने चालताना त्याचे बल वरच्या दिशेने आणि विस्थापन आडवे असते, म्हणजे बलाच्या दिशेने पेटी सरकतच नाही, म्हणून पेटीवर केलेले कार्य शून्य. पण वाक्यातून ‘पेटीवर’ हा शब्द गाळला की अनर्थ होतो. हमालाचे स्नायू भार धरून ठेवण्यासाठी सतत आकुंचन पावत असतात, त्यात अन्नातील रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. तो दमतो हे खरे, आणि पेटीची ऊर्जा वाढत नाही हेही खरे. चाचणीत विचारायचे तर ‘हमालाने कार्य केले का?’ असे विचारू नये. ‘पेटीची ऊर्जा वाढली का? हमालाची कुठे गेली?’ असे विचारावे.

ऊर्जेवरचा माझा आवडता प्रश्न रस्त्यावरचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक दाबल्यावर काही अंतरावर थांबते. तीच मोटार, तोच रस्ता, ब्रेकचा जोरही तोच, पण वेग ताशी ८० किलोमीटर. तर किती पट अंतर लागेल? ‘दुप्पट’ हे उत्तर वाहन चालवण्याचा परवाना खिशात असलेले लोकही देतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून चौपट.

भाषेची_वही

मी एक घसरगुंडीचा प्रश्न सुचवू का? दोन घसरगुंड्या सारख्याच उंचीच्या आहेत, एक उभी आणि एक पसरट. घर्षण नाही असे धरले तर खाली पोहोचताना कोणत्या मुलाची चाल जास्त? आमच्या शिक्षक-खोलीत यावरून मधली सुट्टी संपली.

यंत्रशाळा

चाल सारखीच, उभ्या घसरगुंडीवरचा मुलगा आधी पोहोचेल एवढेच. ‘लवकर’ आणि ‘जलद’ यांची गल्लत उघडी पाडणारा हा सुरेख प्रश्न आहे.

खडूधूळ

तीन आठवड्यांनी परत येत आहे. आपणा सर्वांच्या सूचनांवरून पुन्हा चाचणी घेतली. प्रश्न आठ होते, त्यांत क्रेन, धडक, घसरगुंडी आणि नाणे होते. प्रत्येक प्रश्नाला तीन रकाने दिले: उत्तर, एका वाक्यात कारण, आणि ‘खात्री आहे’ किंवा ‘अंदाज आहे’ यांपैकी एकावर खूण. बरोबर-चूक यांचे गुण ठेवले नाहीत; सर्व रकाने भरल्याबद्दल वहीच्या गुणांत दोन गुण धरले.

तिसऱ्या रकान्याने मला सर्वांत जास्त शिकवले. चुकीच्या उत्तरापुढे ‘खात्री आहे’ अशी खूण ज्यांनी केली होती, त्यांच्याशीच चर्चेत रंग भरला. ‘अंदाज’ लिहिणारे बरोबर उत्तर ऐकून वहीत उतरवून मोकळे झाले. नाण्याच्या वेळी सर्वांत उंच ठिकाणी त्वरण शून्य असते, यावर वर्ग ठाम होता. मी काही बोलणार तोच मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “सर, वेग शून्य आणि त्वरणही शून्य असेल तर नाणे तिथेच लटकून राहील की.” वर्ग शांत झाला. माझे संपूर्ण तासाचे व्याख्यान त्या एका वाक्यापुढे फिके होते. प्रामाणिकपणे हेही सांगतो, की त्याच मुलीने क्रेनच्या प्रश्नाला ‘ताण जास्त’ असे लिहून पुढे ‘खात्री आहे’ अशी खूण केली होती. परवा आम्ही भाजी तोलायचा ताणकाटा घेऊन त्याला वीट टांगणार आहोत.

निवृत्त_परीक्षक, फुग्याचे उत्तर द्यावे. मुले रोज विचारतात.

निवृत्त_परीक्षक

फुगा पुढे झुकेल. मोटार वेग घेते तेव्हा आतली हवाही प्रवाशांप्रमाणे मागे राहू पाहते, त्यामुळे मागच्या बाजूला हवेचा दाब किंचित वाढतो आणि हवेपेक्षा हलका फुगा पुढे ढकलला जातो. शंकासुर, वाईट वाटून घेऊ नका.

आणि गुणांबाबत मी माझे मत थोडे बदलले आहे. कारण लिहायला सांगितले की तपासणीत घोळ होतो, हे मी अजूनही म्हणतो. पण नाण्याच्या प्रश्नात कारण लिहायला न सांगता चित्र द्यावे: वर जाणारे नाणे, उंच ठिकाणचे नाणे, खाली येणारे नाणे. मुलांनी प्रत्येकावर बलाचे बाण काढावेत. तीनही नाण्यांना खालच्या दिशेचा, सारख्याच लांबीचा एकेकच बाण असेल तर दोन गुण. कुठेही वरच्या दिशेचा बाण दिसला तर शून्य. पाच तपासनीस असले तरी निवाडा एकच येईल, आणि एक उत्तर तपासायला पाच सेकंद लागतील.

शंकासुर

आणि एखाद्याने हवेच्या विरोधाचा दुसरा बाण काढला तर?

निवृत्त_परीक्षक

प्रश्नात ‘विरोध सोडून द्या’ असे लिहिलेले असेल तर गुण नाही. लिहिलेले नसेल तर मी अर्धा गुण वाढवून देईन, परंतु तो बाण वर जाताना खालच्या दिशेला, येताना वरच्या दिशेला असला पाहिजे, आणि मधल्या नाण्यावर तो नसला पाहिजे.